पांडा फायबरचा बायरेफ्रिंजन्स लांबीभर कसा मोजायचा

गर्डरला किंवा बॅटरी पॅकला ऑप्टिकल फायबर चिकटवून मोजमाप सुरू केलं की पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो: सिग्नल सरकला तो ताणामुळे की तापमानामुळे? १५५० नॅनोमीटरला रॅले विकिरणाचा, म्हणजे काचेतल्या सूक्ष्म विषमतांवरून मागे विखुरणाऱ्या प्रकाशाचा, वर्णपट एका अंशाला सुमारे १.२५ गिगाहर्ट्झ सरकतो आणि एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत एक दशलक्षांश वाढ) ०.१५, तेही एकाच दिशेने. म्हणजे एक अंश तापमान वाढलं तर ते आठ मायक्रोस्ट्रेनसारखं दिसतं. यातून सुटायला दुसरं समीकरण हवं. ते बायरेफ्रिंजन्स, म्हणजे द्विअपवर्तन (दोन काटकोनी ध्रुवणांच्या प्रकाशाला वेगळा अपवर्तनांक दिसणं), देतं.

पांडा हा प्रकाशाचं ध्रुवण टिकवून ठेवणारा (पीएम) फायबर. त्यात गाभ्याच्या दोन बाजूंना बोरॉन मिसळलेल्या काचेच्या दांड्या असतात. फायबर ओढून थंड होताना त्या भोवतालच्या सिलिकापेक्षा जास्त आकसतात आणि गाभ्यात कायमचा ताण कोंडून ठेवतात. त्यामुळे स्लो (प्रकाश हळू जातो तो) आणि फास्ट (वेगाने जातो तो) अक्षांच्या अपवर्तनांकांत फरक पडतो. हा फरक ०.०००३३ धरला, तर बीट लांबी, म्हणजे दोन अक्षांतला प्रकाश एका पूर्ण तरंगाने मागेपुढे होतो ते अंतर, ४.७ मिमी येते. फायबर गरम केला की कोंडलेला ताण सैलावतो आणि फरक घटतो. फायबर खेचला की फरक वाढतो. या उलट्या चिन्हांवरच आपलं सगळं काम चालतं.

मी वापरतो ती रीत ओएफडीआरची (ऑप्टिकल फ्रिक्वेन्सी डोमेन रिफ्लेक्टोमेट्री). मार्क फ्रॉगॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ती पांडावर दाखवली होती. लेसर १५४० ते १५६० नॅनोमीटर सलग फिरवायचा, म्हणजे सुमारे २.५ टेराहर्ट्झ. फायबरमधून मागे फिरणारा प्रकाश संदर्भ किरणाशी मिसळायचा आणि नोंदीचं फूरिये रूपांतर करायचं. ४० मायक्रॉनच्या टप्प्यांनी फायबरचा नकाशा मिळतो. लेसर एकसारख्या वेगाने कधीच फिरत नाही, म्हणून त्याचा थोडा प्रकाश दुसऱ्या, ठरलेल्या फरकाच्या इंटरफेरोमीटरमध्ये घालून त्यावर सॅम्पलिंगचं घड्याळ चालवा. फायबर १० मीटर असेल, तर या इंटरफेरोमीटरच्या दोन वाटांत निदान ४० मीटरचा फरक ठेवा.

प्रकाश फायबरमध्ये ४५ अंशांनी शिरला पाहिजे. पीएम पॅचकॉर्डच्या कनेक्टरवरची ‘की’ (दिशा ठरवणारी खुंटी) स्लो अक्षाशी जुळवलेली असते, त्यामुळे ती सरळ जोडली तर सगळा प्रकाश एकाच अक्षात जातो आणि शोधायचं शिखर उगवतच नाही. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पीएम स्प्लायसरवर (फायबर वितळवून जोडणाऱ्या यंत्रावर) टोकांकडून पाहून ४५ अंश फिरवून मारलेला जोड. मागे येणारा प्रकाश कुठल्याही ध्रुवणात येईल, म्हणून दोन काटकोनी ध्रुवणांसाठी वेगळे डिटेक्टर लावा आणि दोन्हींची शक्ती बेरजेत घ्या.

आता हिशेब. नकाशातून एक खिडकी कापा, तिचा वर्णपट काढा आणि त्याचं स्वतःशीच सहसंबंधन करा, म्हणजे त्याचीच सरकवलेली प्रत त्याच्याशी कुठे जुळते ते पाहा. स्लो आणि फास्ट अक्षांना विकिरणाची तीच केंद्रं दिसतात, फक्त थोड्या वेगळ्या वारंवारतेवर. त्यामुळे मधल्या मोठ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना, सुमारे ४४ गिगाहर्ट्झवर, एकेक छोटं शिखर उभं राहतं. त्याची जागा म्हणजे त्या ठिकाणचा बायरेफ्रिंजन्स. खिडकी पुढे सरकवत गेलात की लांबीभराचा आलेख तयार.

खिडकी किती लांब घ्यायची, हा या कामातला खरा निर्णय, आणि उपकरणाच्या यादीला हात लावण्याआधी तो घ्या असा माझा आग्रह असतो. २ सेंमीच्या खिडकीत वर्णपटाचा बारकावा ५ गिगाहर्ट्झ मिळतो, २० सेंमीत ०.५ आणि १ मीटरमध्ये ०.१. काझुओ होताते यांच्या टोकियो विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये पांडावर ब्रिलुआं पद्धतीने (काचेतल्या ध्वनिलहरींवरून होणाऱ्या विकिरणाने) जे गुणांक मोजले, ते अंशाला उणे ५६ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि मायक्रोस्ट्रेनला अधिक ०.९ मेगाहर्ट्झ होते. एक अंश ओळखायचा तर शिखराची जागा ५० मेगाहर्ट्झपर्यंत सांगता आली पाहिजे. २ सेंमीच्या खिडकीत त्यासाठी शिखराच्या रुंदीचा शंभरावा भाग वाचावा लागेल. तिथे आकडा येतो, पण त्यावर विसंबू नये. २० सेंमीत दहावा भाग पुरतो, आणि शिखरावर परवलय बसवून तो नीट मिळतो.

लांब फायबरवर आणखी एक गोष्ट सांभाळा. दोन अक्षांचा वेग वेगळा, म्हणून नकाशावर तोच बिंदू दोन जागी पडतो: १० मीटरवर सुमारे २.३ मिमी अंतराने, १०० मीटरवर २३ मिमी. १० मीटरपर्यंत मी तिकडे लक्ष देत नाही. १०० मीटरवर मात्र ४५ अंशांचा मोह सोडून दोन्ही अक्ष वेगवेगळे मोजा, खिडक्या तेवढ्या सरकवून जुळवा आणि मग सहसंबंधन करा.

कॅटलॉगमधला गुणांक तुमच्या फायबरचा नसतो, तो स्वतः काढा. फायबरचा एखादा मीटर सैल वेटोळं करून थर्मासमधल्या कोमट पाण्यात सोडा. वेटोळं रिळावर घट्ट गुंडाळू नका, कारण रीळ फुगलं की ताण आत शिरतो. पाणी ढवळत राहा, थर्मामीटर वेटोळ्याला टेकवून ठेवा. पाणी १० अंश निवलं की शिखर अर्ध्या गिगाहर्ट्झहून थोडं जास्त वर सरकलं पाहिजे. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना खोली अर्धा अंश हलली तरी २८ मेगाहर्ट्झ सरकतात, म्हणून बाहेरचा फायबर थर्माकोलच्या पेटीत झाका. प्रत्येक फायबरचा शांत अवस्थेतला आलेख जपून ठेवा, कारण बायरेफ्रिंजन्स लांबीभर मुळातच एकसारखा नसतो. आपल्याला हवा असतो तो त्यातला बदल.

शेवटी दोन समीकरणं सोडवा. समजा रॅलेचा वर्णपट २० गिगाहर्ट्झ खाली आला आणि बायरेफ्रिंजन्सचं शिखर ५१५ मेगाहर्ट्झने जवळ आलं. उत्तर येतं १० अंश आणि ५० मायक्रोस्ट्रेन. नुसत्या रॅलेवर भरवसा ठेवून सगळं ताणाच्या नावावर टाकलं असतं, तर तोच आकडा १३३ मायक्रोस्ट्रेन वाचला असता. शिखर वाचण्यात ५० मेगाहर्ट्झची चूक झाली, तर ती ०.८ अंश आणि साडेसहा मायक्रोस्ट्रेन होऊन उत्तरात उतरते. अहवालात उत्तरापुढे ही मर्यादाही लिहा.