विण्याचा हंगाम : शिंगरू माणसाळवायचं तर सुरुवात घोडीपासून करा

दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येतात. गाभणकाळ सुमारे 11 महिन्यांचा, सरासरी 340 दिवसांचा असतो, म्हणून बहुतेक शिंगरं पुढच्या वसंतातच जन्माला येतात. हंगाम तोंडावर आला की ऐसपैस खोली, कोरडा पेंढा, नाळेला लावायचं औषध, पशुवैद्यकाचा नंबर अशी तयारी बहुतेक जण करतात. शिंगराला हाताळायचं कसं, याचा विचार मात्र बऱ्याचदा ते चार-पाच महिन्यांचं होऊन दोराला हिसके द्यायला लागल्यावर सुरू होतो. तोवर माणसाला फरफटत नेण्याइतकी ताकद त्याच्या अंगात आलेली असते. खरं काम त्याआधीचं आहे, आणि त्यातलं निम्मं तर शिंगरू जन्मण्याच्याही आधीचं.

विण्याच्या अंदाजित तारखेच्या 4 ते 6 आठवडे आधी घोडीला ती जिथे विणार आहे तिथे आणून ठेवा. त्या जागेतल्या रोगजंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती तिच्या चिकात उतरायला तेवढा वेळ लागतो. धनुर्वाताच्या लसीचा वाढीव डोसही पशुवैद्यक याच सुमारास देतात. याच आठवड्यांत तिला रोज हात लावायची सवय ठेवा: मानेवर, पोटावर, मागच्या मांड्यांच्या आतून आणि शेवटी कासेला. पहिलारू घोडीच्या बाबतीत हे टाळूच नका. कासेला आधी कधीच स्पर्श झालेला नसेल तर शिंगरू पहिल्यांदा तोंड लावतं तेव्हा ती दचकते, किंचाळते, कधी लाथही उचलते. मग अडखळत उभ्या असलेल्या पिलाला आणि बिथरलेल्या आईला एकाच वेळी सांभाळायची वेळ येते. त्या धांदलीत माणसाची पहिली ओळख शिंगराला भीतीतूनच होते.

घोडीवर एवढा भर देण्याला आधार आहे. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विल्यानंतरचे पहिले 5 दिवस, रोज 15 मिनिटं, त्यांनी घोडीला हलक्या हाताने खरारा केला आणि हाताने चारलं. शिंगराला बोटही लावलं नाही, ते शेजारी उभं राहून बघत होतं एवढंच. ही शिंगरं पुढे माणसाजवळ लवकर यायला लागली, अंगाला हात लावू द्यायला लागली, आणि साधारण वर्षाची झाल्यावरही हा फरक दिसत होता. आई ज्याच्याजवळ निवांत उभी राहून चघळते त्याला घाबरायचं कारण नाही, हे शिंगरू तिच्याकडे बघूनच शिकतं. उलटही तितकंच खरं. माणूस दिसताच कान पाडणारी, कोपऱ्यात पाठ करणारी घोडी असेल तर शिंगरावर कितीही मेहनत घ्या, फारसं हाती लागणार नाही. अशा घोडीसाठी एकच शांत माणूस नेमा आणि सुरुवात दोन-तीन महिने आधीच करा.

पहिले काही तास आईचे

बहुतेक घोड्या रात्री वितात. पाणमोट फुटल्यावर शिंगरू बाहेर यायला साधारण 20 ते 30 मिनिटं लागतात. पुढचे दोन पाय, त्यातला एक थोडा पुढे, आणि त्यांवर टेकलेलं नाक असं दिसलं तर लांबून बघत राहा. पांढुरक्या पडद्याऐवजी लालभडक मखमली पिशवी आधी दिसली तर मात्र वाट बघू नका. वार आधीच सुटून आली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे. पिशवी लगेच फाडून शिंगरू बाहेर काढायला मदत करायची आणि पशुवैद्यकाला फोन लावायचा, दोन्ही एकाच वेळी.

नंतरचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: शिंगरू 1 तासात उभं, 2 तासांत कासेला, आणि घोडीची वार 3 तासांत बाहेर. यातलं काहीही लांबलं तर पशुवैद्यकाला बोलवा. नाळ आपोआप तुटू द्या, कापू नका. तुटल्यावर 0.5 टक्के क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणात बुडवा. पूर्वी वापरलं जाणारं 7 टक्क्यांचं कडक आयोडीन कातडी भाजून काढतं, ते नको. चिकातली प्रतिकारशक्ती आतड्यातून शोषली जाते ती प्रामुख्याने पहिल्या 6 ते 8 तासांत, आणि 24 तासांच्या आत ते दार बंद होतं. उशिरा पाजलेल्या चिकाने पोट भरतं, पण संरक्षण मिळत नाही. चीक नीट उतरला का, हे जन्मानंतर 12 ते 24 तासांच्या दरम्यान रक्त तपासून कळतं. महागड्या जनावराच्याच नव्हे, कुठल्याही शिंगराच्या बाबतीत ही तपासणी करून घ्यावी असं माझं मत आहे.

आता वादाचा मुद्दा. जन्मल्यावर पहिल्या तासाभरातच शिंगराला आडवं दाबून धरायचं, कानात, नाकात, तोंडात बोटं घालून सगळं अंग चोळायचं आणि त्याची धडपड थांबेपर्यंत सोडायचं नाही, अशी एक पद्धत 1990 च्या दशकात बरीच गाजली. आजही ती सांगणारे भेटतात. धडपड थांबली म्हणजे विश्वास बसला असं त्यात धरून चालतात, पण थकून गप्प पडलेलं जनावरही तसंच दिसतं. नंतरच्या अभ्यासांत या पद्धतीचा टिकणारा फायदा दिसून आला नाही. त्यात उभं राहायची, कास शोधायची आणि आईने चाटून ओळख पटवायची वेळ मात्र वाया जाते. त्या वेळात तुमचं काम नाळेपुरतं आणि तब्येतीवर नजर ठेवण्यापुरतं. उरकलं की बाहेर.

पहिला आठवडा

दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं खोलीत जाऊन उभं राहायचं. आधी घोडीशी बोला, तिला खरारा करा. शिंगराकडे रोखून बघू नका. त्याच्याकडे खांदा करून, थोडं वाकून, भिंतीजवळ थांबा. दाराची वाट मोकळी ठेवा आणि खाली फतकल मारून बसू नका, कारण नवी आई कधी फिरेल सांगता येत नाही. शिंगरू आणि घोडी यांच्या मधे तर कधीच जाऊ नका.

पहिल्या दिवशी शिंगरू आईच्या पलीकडच्या बाजूने डोकावतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान लांब करून, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत ठेवून, पुढे येतं. नाकपुड्या फुगतात, बाहीवर गरम श्वास लागतो, मग मिशांचे राठ केस हाताला घासतात. याच वेळी लोक घाई करतात: हात उचलून तोंडाकडे नेतात आणि शिंगरू उसळी मारून आईच्या पोटाखाली पळतं. हात खालीच राहू द्या. त्याला हुंगू द्या, जाऊ द्या, परत येऊ द्या. कधी ते मान खाली करून तोंड उघडमीट करतं, दात वाजवल्यासारखं. ‘मी लहान आहे, मला मारू नका’ असं मोठ्या घोड्यांना सांगायची ही त्याची रीत आहे. तुमच्यासमोर केलं तर एक पाऊल मागे सरका.

स्पर्शाची सुरुवात मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांमधल्या उंचवट्यावर करा. घोडे एकमेकांना खाजवतात ते तिथेच. तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलं आहे. थोपटू नका, बोटांच्या टोकांनी खाजवा. नेमकी जागा सापडली की शिंगराचा वरचा ओठ लांब होतो, थरथरतो, मान तिरकी होते. त्याचं मन भरण्याआधी हात काढून घ्या आणि स्वतःच दूर व्हा. पुढच्या वेळी ते आपण होऊन अंगाशी येईल.

एक गोष्ट इथे ठळक करून सांगतो. दोन दिवसांचं शिंगरू अचानक फार गरीब झालं, सहज हात लावू द्यायला लागलं, तर खूश होऊ नका. घोडीची कास बघा. निरोगी शिंगरू पहिल्या दिवसांत तासाला पाच-सात वेळा पितं, त्यामुळे कास ताठ भरलेली नसते. कासेतून दूध ठिबकत असेल आणि शिंगराच्या कपाळावर दूध वाळलेलं दिसत असेल, तर ते सडाखाली नुसतं उभं राहतं आहे, पीत नाही. ताप बघा: 37.2 ते 38.9 अंश सेल्सिअस ठीक. सांधा सुजलेला, लंगडणं, नाळ ओली किंवा जाड, पहिली काळी लीद 24 तासांत न पडणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. लंगडणाऱ्या शिंगराला ‘आईने पाय दिला असेल’ म्हणून सोडून देतात, आणि सांध्यातला जंतुसंसर्ग तेवढ्यात हाताबाहेर जातो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली पातळ लीद मात्र पुष्कळदा आपोआप थांबते. शिंगरू खेळतंय, पितंय, ताप नाही, तर नुसतं लक्ष ठेवा. ते आईची लीद खाताना दिसलं तरी घाबरू नका, आतड्यातले उपयोगी जीवाणू त्याला तिथूनच मिळतात.

धरणं, पाय उचलणं, म्होरकी

खाजवून घ्यायला उभं राहतं आहे असं दिसल्यावर धरायला शिकवा. एक हात छातीपुढून, दुसरा पुठ्ठ्यामागून, असं दोन हातांच्या चौकटीत. आवळायचं नाही. पुढे गेलं तर पुढचा हात भिंतीसारखा, मागे सरकलं तर मागचा. धडपडेल तेव्हा हात तसेच राहू द्या, आणि क्षणभर जरी स्थिर झालं तरी त्याच क्षणी सोडा. या कामाचं सगळं मर्म सोडण्याच्या वेळेत आहे. धडपडताना सोडलंत तर धडपडल्यावर सुटका होते हे शिकतं, शांत असताना सोडलंत तर शांत राहिल्यावर होते हे शिकतं. दोन्ही तितक्याच लवकर शिकतं. शेपटी वर पिरगाळून धरू नका, मणक्याला इजा होते.

त्याच चौकटीत रोज एकेक पाय हाताने खालपर्यंत चोळत न्या. आधी नुसता स्पर्श, मग खूर दोन बोटं उचलून लगेच खाली. महिना-दीड महिन्यात नालबंद खूर तासायला येईल तेव्हा हे नवं वाटायला नको.

म्होरकी चढवण्याआधी कान, गाल, नाकाचं हाड इथे हात फिरवू देत असावं. मऊ, मापाची म्होरकी घ्या. नाकाच्या पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. शिंगराच्या पाठी धावत ती घालू नका. काम झालं की काढून ठेवा. अंगावर सोडलेली म्होरकी खिळ्याला, कुंपणाला अडकते, कान खाजवताना मागचा खूरही तीत अडकतो. शिवाय शिंगरू इतक्या वेगाने वाढतं की पंधरवड्यात तीच म्होरकी कातडीत रुतायला लागते.

चालवायला शिकवताना डोकं ओढणं सगळ्यात धोक्याचं. शिंगरू मागे रेटा देतं, पाय घसरून पाठीवर पडतं आणि डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आदळतो. यातून शिंगरं दगावतात. त्याऐवजी मऊ दोराचा फास पुठ्ठ्याभोवती सैल टाका, दोन्ही टोकं पाठीवर एका हातात धरा, म्होरकीचा दोर दुसऱ्या हातात ढिला ठेवा. घोडीला कोणीतरी पुढे नेऊ द्या. शिंगरू थांबलं की पुठ्ठ्यावरचा दोर हलकेच ताणा, एक पाऊल टाकलं की लगेच ढिला. पहिले काही दिवस आई जाते तिकडेच जायचं, पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. खुंटाला बांधून ठेवायला अजून बराच अवकाश आहे.

लाड कुठे थांबवायचे

बाही चावणं, खांद्यावर पुढचे पाय टाकणं, पाठ करून दुगाण्या झाडणं, हे महिन्याच्या शिंगराने केलं की घरातले सगळे हसतात. दोन वर्षांच्या घोड्याने तेच केलं की हाडं मोडतात. शिंगरू आपण होऊन थांबेल या भरवशावर राहू नका. चावायला आलं तर नाकावर चापट मारू नका, त्याला तो खेळच वाटतो आणि डोकं हातापासून लांब ठेवायची सवय लागते. कोपर आडवं धरून त्याला स्वतःच्या अंगापासून दूर सारा आणि खाजवणं तिथेच बंद करा. तोंडाशी खेळणं नको, हाताने खाऊ भरवणंही नको. घोडीला हाताने चारा, शिंगराला नाही. आणि मुलांना त्याच्याबरोबर एकटं सोडू नका.

आई गेलेलं, बाटलीवर वाढणारं शिंगरू यात सगळ्यात अवघड. माणूस हाच त्याचा कळप होतो, आणि घोड्यांची शिस्त त्याला कुणी लावत नाही. दुसरी दुभती घोडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर बाटलीऐवजी लवकर बादलीतून दूध प्यायला शिकवा आणि एखाद्या शांत, वयस्क घोड्याच्या सोबतीला ठेवा.

दूध बहुधा 4 ते 6 महिन्यांत तोडतात. जंतनाशक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून, लसी पशुवैद्यक सांगेल त्या वेळापत्रकाने. दूध तोडण्याच्या आठवड्यात नवीन काहीही शिकवायला घेऊ नका. म्होरकी, पाय, चालणं हे त्याआधीच अंगवळणी पडलेलं असू द्या. घोडीला एकदम लांब न नेता आधी शेजारच्या आवारात, मधे भक्कम कुंपण घालून ठेवा, आणि शिंगराबरोबर त्याच्या ओळखीचं एखादं शिंगरू किंवा शांत घोडी ठेवा. त्या दिवसांत जाऊन फक्त खाजवा आणि परत या. इंजेक्शन द्यायचं असेल तर शक्यतो ते आठवडाभर आधी किंवा नंतर घ्या.