घड्याळाचं टोकन घ्यायलाय? आधी हे बघा की

खडेबाजारात सोनं घेताना हॉलमार्क बघतो, काट्यावर डोळा ठेवतो, मग रोलेक्सच्या टोकनला, म्हणजे खऱ्या घड्याळाच्या नावानं क्रिप्टोत विकल्या जाणाऱ्या डिजिटल पावतीला, मोबाईलवर नुसतं बोट लावून पैसे कसं काय देता ओ? पहिलं विचारा, वस्तू कुठल्या तिजोरीत हाय, विमा कुणाच्या नावावर, टोकन परत देऊन घड्याळ हातात मिळतंय का. पॅक्स गोल्ड या सोन्याच्या क्रिप्टो टोकनचं त्यातल्या त्यात बरं, 1 टोकन म्हणजे 1 ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम सोनं, आणि भाव रोज कळतोय; जुन्या घड्याळाचा भाव कोण सांगणार, विकणाराच की! टॅक्स पण बघा, क्रिप्टोच्या नफ्यावर 2022 पासून 30 टक्के, तोटा वजा करायला मिळत नाही. पण एनएफटीबरोबर (म्हणजे एकमेव असलेल्या डिजिटल टोकनबरोबर) वस्तूची कायदेशीर मालकीच बदलत असेल तर तो नियम लागत नाही, म्हणून करारात मालकीची ओळ शोधा, सापडली नाही तर मी तिथंच ॲप बंद करतो.