मुंबईची गोदी पाहायची असेल तर

गावाकडून मुंबईला नेलं की पोट्टे पहिलं विचारतात, "जहाज कुठाय?" गोदीच्या फाटकावर पासशिवाय कोणी आत सोडत नाही, अन् गेटवेवरून दिसतात त्या बहुतेक प्रवासी होड्याच. आम्ही एकदा फाटकासमोर तासभर उभे राहून भिंत पाहून परत आलो.

उपाय सोपा आहे, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे समोरच्या काठावरल्या उरणच्या बंदराची, लाँच धरायची.

१. विदर्भ एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरलं की सामान क्लोकरूमला टाका. हार्बर लाइनच्या लोकलनं तिसरं स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून भाऊचा धक्का टॅक्सीनं जवळच आहे.

२. धक्क्यावर मासळीचा घाऊक बाजार भरतो. वासानं आमच्या म्हातारीनं पदर नाकाला लावला तो लाँच सुटेपर्यंत.

३. मोऱ्याचं तिकीट काढून डाव्या बाजूला बसा. नांगर टाकलेली मालवाहू जहाजं जवळून दिसतात, मग घारापुरीचा डोंगर, अन् त्याच्या पलीकडं न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन. एका वेळचा प्रवास पाऊण-एक तासाचा.

४. मोऱ्याला उतरून चहा घ्या अन् परतीची लाँच धरा. खास सहलीच्या बोटीपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं, कारण ही रोज कामाला जाणाऱ्यांची लाँच आहे.

फक्त, उतरताच परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ खिडकीवर विचारून घ्या. भरती-ओहोटी अन् पावसाळी वारा पाहून फेऱ्या पुढंमागं होतात, कधी बंदही राहतात. अन् नौदलाच्या जहाजांचे फोटो काढू नका.