फॉस्फो-एकेटीची पट्टी खरी की खोटी? ब्लॉकिंग पेप्टाइड वापरून तपासा

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) ६० किलोडाल्टनपाशी ठळक पट्टी आली, एवढ्यावरून ती सेरीन-४७३ या जागी फॉस्फेट चढलेल्या, इन्सुलिनने सक्रिय होणाऱ्या एकेटी या प्रथिनाचीच आहे असं धरू नका. अँटिबॉडी ज्या पेप्टाइडवर (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर) तयार झाली, तेच पेप्टाइड तिला आधी भरपूर दिलं की तिच्या पकडीच्या जागा भरून जातात. मग त्या जागांमुळे उमटणारी पट्टी दिसेनाशी होते.

पेप्टाइडं दोन घ्या: एक फॉस्फेट असलेलं, दुसरं त्याच अमिनो आम्लांच्या क्रमाचं पण फॉस्फेट नसलेलं. दुसऱ्यावर पैसे वाचवू नका, खरा निवाडा तेच करतं.

हेपजी२ पेशी (माणसाच्या यकृताच्या कर्करोगातल्या) रात्रभर सीरमशिवाय ठेवा. निम्म्यांना १०० नॅनोमोलर इन्सुलिन १५ मिनिटं द्या. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट हवंच. नाहीतर पेशींतलेच फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम) तुमचा सिग्नल खाऊन टाकतात. १० वेलच्या जेलवर मार्कर, इन्सुलिनशिवायचा नमुना, इन्सुलिनचा नमुना असा संच तीनदा भरा, दर नमुन्याला २० मायक्रोग्रॅम प्रथिन. प्रथिनं मेम्ब्रेनवर ट्रान्सफर केल्यावर पॉन्सो या रंगाने लोडिंग सारखं आहे ना ते पाहा आणि मेम्ब्रेनचे तीन उभे तुकडे करा. आडवी कापू नका, कारण वर-खाली येणाऱ्या नकोशा पट्ट्याही तपासायच्या आहेत. मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायचं ब्लॉकिंग ५ टक्के बीएसएने (गाईच्या सीरममधल्या अल्ब्युमिनने) करा, दुधाने नको. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे.

तीन नळ्यांत प्रत्येकी ५०० मायक्रोलिटर बीएसए घातलेलं टीबीएसटी (ट्वीन असलेला ट्रिस-सलाइन बफर) आणि ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी घ्या. दुसरीत फॉस्फो-पेप्टाइड २५ मायक्रोग्रॅम, तिसरीत साधं पेप्टाइड तेवढंच. पहिलीत पेप्टाइडऐवजी त्याचा नुसता बफर, तेवढ्याच आकारमानाचा. वजनाने हे पाचपट आहे. पण अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची आणि पेप्टाइड साधारण २ चं, त्यामुळे रेणूंच्या हिशेबात जवळजवळ पावणेचारशे पट भरतं. नळ्या ४ अंशांवर रात्रभर फिरत्या ठेवा, मग प्रत्येक ५ मिलिलिटर करून आपापल्या तुकड्यावर ओता. लेबलवर अँटिबॉडीचं प्रमाण दिलं नसेल, तर कंपनीच्या पत्रकातलं आकारमान पाळा.

तिन्ही तुकड्यांचा फोटो एकत्र, एकाच एक्स्पोजरला घ्या. इन्सुलिनच्या लेनमधली पट्टी पहिल्या तुकड्यावर दिसायला हवी, दुसऱ्यावर जायला हवी आणि तिसऱ्यावर तशीच राहायला हवी. तिसऱ्यावरूनही गेली, तर अँटिबॉडी फॉस्फेट ओळखतच नाही. दुसऱ्यावर टिकून राहिली, तर नुसत्या सेकंडरी अँटिबॉडीचा (जी पहिल्या अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देते) एक तुकडा चालवून पाहा. तिथे काही नसेल तर पेप्टाइड वारंवार वितळवून-गोठवून खराब झालंय का, आणि ते याच अँटिबॉडीचं आहे का, हे तपासा.

आणि पट्टी गेली तरी ती एकेटीचीच होती, हे सिद्ध होत नाही. एस६के आणि एसजीके या एकेटीच्या नातलग प्रथिनांतही या जागेभोवतीचा क्रम मिळताजुळता आहे, आणि अँटिबॉडी त्यांना चिकटत असेल तर पेप्टाइड तीही पट्टी पुसून टाकतं. पीआय३के हे एन्झाइम रोखणाऱ्या वॉर्टमॅनिननेही हा गुंता सुटत नाही, कारण ही प्रथिनंही पीआय३केच्याच वाटेवर आहेत. त्यासाठी एकेटी१ आणि एकेटी२ दोन्ही एसआयआरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) कमी केलेला नमुना शेजारी चालवा.