मोठा फ्लॅट विकून छोट्या घरात जाताय? आधी माळा रिकामा करा

आम्ही कोथरूडचा थ्री बीएचके विकून वन बीएचकेत आलो, त्यावरून सांगते. सुरुवात माळ्यापासून करा, खरा पसारा तिथेच असतो. आमच्याकडे आजीचं तांब्याचं घंगाळ निघालं, काठावर तिचं नाव घातलेलं, ते ठेवलं, बाकी पितळी डबे भावंडांना घरी बोलावून समोरासमोर वाटले. फोनवर वाटणी अजिबात नको, मनं दुखावतात. नवीन घराची मापं टेपने घ्या, कपाट दारातून आत जातंय का बघा, मगच टेम्पो सांगा.

कागदपत्रं मात्र गिऱ्हाईक यायच्या आधीच काढून ठेवा, मूळ करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, टॅक्सच्या पावत्या, लोन फिटलं असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे आता काही बाकी नाही असं पत्र. सर्टिफिकेटवर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव असेल तर आधी सोसायटीत ते बदलून घ्या, आमचे त्यातच कितीतरी महिने गेले. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा तुमच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून सरकारकडे भरतो, तो हिशोबात धरा. ओल आलेली भिंत रंगवून लपवू नका, सरळ सांगा.

देवघर सगळ्यात शेवटी हलवा, आम्ही तसंच केलं.