जुन्या कापड गिरण्यांचे शेअर दाखले कसे जमवावेत

कोल्हापुरात जुन्या घराची वाटणी झाली की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तांब्या-पितळेची भांडी भावाभावांत वाटली जातात आणि कागद रद्दीवाल्याकडे जातात. गिरण्यांचे शेअर दाखले, म्हणजे कंपनीत भाग असल्याचे छापील कागद, असेच जातात, म्हणून सुरुवात नातेवाइकांपासून करा. मग रद्दीवाले, जुनी नाणी-तिकिटं विकणारे, व्यापारी पेढ्यांच्या जुन्या फायली.

आधी काय जमवायचं ते ठरवा. मुंबईच्या गिरण्या, सोलापूरची जुनी मिल, नागपूरची १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस असा एकेक गट धरला तर संग्रहाला आकार येतो. आपल्या शाहू मिलचा पाया १९०६ साली घातला गेला, पण तो शाहू महाराजांचा, म्हणजे संस्थानाचा उपक्रम. तिचा अभ्यास करायचा तर पुराभिलेखागारातले (जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेरीतले) दरबारी कागद बघावेत. ‘शाहू मिलचा शेअर’ म्हणून कुणी मोठी किंमत सांगितली तर आधी शंका घ्या. इचलकरंजीकडच्या सहकारी सूतगिरण्यांचे भाग दाखले स्वस्तात मिळतील, पण त्यामागे एखाद्या घराचं सभासदत्व अजून चालू असू शकतं. तसं असेल तर तो दाखला त्या घरातच राहू द्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: कंपनी जिवंत आहे का ते बघा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतं. नाव सापडलं नाही म्हणून लगेच ‘मेली’ समजू नका. कंपन्या नाव बदलतात, दुसऱ्या कंपनीत विलीन होतात. १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांचे भागधारकांकडचे कागद मात्र तसेच घरोघरी पडून राहिले. बॉम्बे डाइंगसारखी १८७९ ची कंपनी आजही चालू आहे. अशा कंपनीचा दाखला घरात निघाला तर तो आधी वारसांचा हक्क, मग छंद. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत गेलेले असू शकतात. वारसाला तिथून ते मागता येतात. रद्दीत असा दाखला मिळाला म्हणून तुम्ही भागधारक होत नाही. १ एप्रिल २०१९ पासून लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीचा कागदी शेअर नव्या खरेदीने नावावर करूनच मिळत नाही.

खरा-खोटा ओळखायला भिंग लागतं आणि थोडा इतिहास. दाखल्यावर अनुक्रमांक, शेअरचे क्रमांक कितीपासून कितीपर्यंत, संचालकांच्या सह्या आणि कंपनीचा उठावदार शिक्का बघा. शिक्क्यावरून बोट फिरवलं की उंचवटा लागला पाहिजे. सही शाईची असेल तर मागच्या बाजूला दाब जाणवू शकतो. काही तारखा लक्षात ठेवा: ‘नये पैसे’ (रुपयाचे शंभर) १ एप्रिल १९५७ ला आले आणि पिनकोड १९७२ साली. १९५० च्या दाखल्यावर पत्त्यात पिनकोड दिसला तर विक्रेत्याला चहा पाजा आणि निघा. रेव्हेन्यू तिकिटावर राजा पाचवा जॉर्ज (कारकीर्द १९३६ पर्यंत) असला म्हणून कागद १९३६ च्या आधीचाच असं मात्र नाही. जुनी तिकिटं नंतरही वापरात असत.

मला विचाराल तर पुढच्या नक्षीपेक्षा दाखल्याची मागची बाजू वाचावी. तिथे हस्तांतराच्या नोंदी असतात: कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर, कोणत्या तारखेला. वडिलांकडून विधवा सुनेकडे, तिथून सावकाराकडे असा घरगुती इतिहास तिथे मिळतो. मागची पाटी कोरी असलेला चकचकीत दाखला मी दुसऱ्या नंबरावर ठेवतो. ‘रद्द’ शिक्का किंवा भोकं पडलेला कागदही घ्यायला हरकत नाही, फक्त भाव पाडून.

जपणुकीत लॅमिनेशन आणि सेलोटेप ही दोन पापं टाळा. आम्लमुक्त कागद, पॉलिएस्टरचं पाकीट, आडवी फाइल. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं नकोत. आपल्याकडचा पाऊस आणि २०१९, २०२१ चे पंचगंगेचे पूर लक्षात घेता पेटी तळमजल्यावर ठेवू नका. जूनच्या आधी सिलिका जेल बदला, कसर-वाळवी बघा.

प्रत्येक दाखल्याची नोंद वहीत करा: कुठून घेतला, कितीला, कोणत्या स्थितीत. दाखल्याजवळ काही लिहायचंच तर पेन्सिलने, तेही पाकिटात ठेवलेल्या चिठ्ठीवर, दाखल्यावर नाही. परदेशातल्या संग्राहकाला विकायचा मोह झाला तर थांबा: ऐतिहासिक मोलाचा ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष (ऐतिहासिक मोलाच्या जुन्या वस्तू) कायद्यात येऊ शकतो, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.