असईची लढाई टेबलावर कशी मांडावी

टेबलावर जुन्या लढाया खेळणाऱ्यांचा ओढा सहसा वॉटर्लू किंवा गेटिसबर्गकडे असतो. त्या मानाने कमी परिचित, पण खेळायला कितीतरी रंगतदार अशी एक लढाई आपल्याच मातीत झाली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या फौजेवर चाल केली. ही लढाई चार बाय सहा फुटांच्या टेबलावर कशी उतरवावी, ते येथे सांगतो.

प्रथम मोजमाप ठरवावे. एक इंच म्हणजे चाळीस मीटर धरल्यास टेबलावर सुमारे तीन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा मुलूख बसतो. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, दक्षिणेच्या कडेने केळणा व उत्तरेच्या कडेने जुई काढावी आणि पूर्वेकडे दोन्ही नद्या एकमेकींकडे झुकत्या दाखवाव्यात. जुईच्या काठी मातीच्या भिंतींचे असई गाव ठेवावे. नद्यांचे काठ उंच असल्याने ठरलेल्या उतारांखेरीज (नदी पार करता येईल अशा उथळ जागांखेरीज) त्या कोणालाही ओलांडू देऊ नयेत.

या मापात दोन रांगांत उभी असलेली पाचशे जणांची पलटण साडेतीन इंच जागा घेते आणि बंदुकीचा परिणामकारक पल्ला जेमतेम अडीच-तीन इंच भरतो. त्यामुळे अठ्ठावीस मिलिमीटरच्या दिमाखदार बाहुल्या येथे अडचणीच्या ठरतात. सहा किंवा दहा मिलिमीटरचे सैनिक घ्यावेत. तेही नसतील तर जाड पुठ्ठ्याचे, रंग दिलेले तुकडे चालतात, खेळात काही उणे पडत नाही.

वेलस्लीकडे दोन हायलँडर (स्कॉटिश) पलटणी (७४वी व ७८वी), मद्रासी शिपायांच्या चार पलटणी, पहाऱ्याच्या तुकड्यांची मिळून एक लहान पलटण, १९व्या लाइट ड्रॅगून्सचा एक रिसाला आणि तीन मद्रासी रिसाले द्यावेत. त्याच्यासोबतचे म्हैसूरकर व पेशव्यांकडील घोडदळ केळणेच्या दक्षिण तीरावरच राहिले, म्हणून ते मांडायची गरज नाही. समोर शिंद्यांचे सुमारे १०,८०० कवायती पायदळ होते. त्याचे तीन कंपू (ब्रिगेड) असून सर्वांत मोठा हॅनोव्हरच्या अँथनी पोलमनकडे होता. साडेसहाशेची एक पलटण धरली तर सोळा-सतरा पलटणी होतात. एवढ्या एका रांगेत मावत नाहीत, तेव्हा काही असई गावात व आसपास ठेवाव्यात. तोफा भरपूर द्याव्यात, कारण लढाईनंतर इंग्रजांच्या हाती ९८ तोफा लागल्या. मागे पश्चिमेला घोडदळाचा प्रचंड जमाव राहील.

आता खरा प्रश्न नियमांचा. ही लढाई मांडताना मराठ्यांची सगळी फौज एकजात विस्कळीत समजून तिला कमी गुण देण्याचा मोह होतो, आणि तसे केले की खेळ मरतो. वाटाड्यांनी उतार नाही असे सांगूनही, समोरासमोरच्या तीरांवर पिंपळगाव व वरूर ही दोन गावे पाहून वेलस्लीने तेथे उतार असणारच हे ताडले आणि तो केळणा ओलांडून आला. त्याला शत्रूच्या बगलेवर घाव घालायचा होता. पण केळणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या पोलमनच्या पलटणींनी भर लढाईत काटकोनात वळून नवी रांग धरली, उजवी बाजू केळणेवर आणि डावी असईवर टेकवून. हे कच्च्या शिपायांचे काम नव्हे. म्हणून प्रत्येक कंपूला वळण्यासाठी फासा टाकायला लावावा, पण फक्त १ पडल्यासच एक फेरी उशीर धरावा. पायदळाचा दर्जा मद्रासी शिपायांच्या बरोबरीचा ठेवावा आणि गोलंदाजांचा, म्हणजे तोफा डागणाऱ्यांचा, त्याहून वरचा.

खेळ इंग्रज नदी ओलांडून आल्यावरच सुरू करावा, कारण उतार कोठे आहे हे दोन्ही खेळाडूंना आधीच ठाऊक असते. पहिल्या दोन फेऱ्यांत इंग्रजांच्या प्रत्येक तोफेसाठी फासा टाकावा. ४ किंवा अधिक पडल्यास तिचे बैल मारले गेले असे समजून ती उचलावी. प्रत्यक्षातही मराठ्यांच्या माऱ्याने तोफा ओढणारे बैल व गोलंदाज पडले आणि वेलस्लीला संगिनींच्या जोरावर पुढे जावे लागले.

पहाऱ्याच्या पलटणीने वाट चुकून थेट असईकडे मोर्चा वळवला आणि मागोमाग गेलेल्या ७४व्या पलटणीची चाळण झाली. त्यासाठी दर फेरीला १ किंवा २ पडल्यास ही पलटण सरळ गावाकडे चालेल व ७४वी तिच्यामागे जाईल, असा नियम ठेवावा. इंग्रज खेळाडू चडफडतो, पण इंग्रज घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल याचे रिसाले ७४वीच्या मदतीला केव्हा सोडायचे हा त्याच्यापुढचा सर्वांत कठीण निर्णय यातूनच उभा राहतो. लवकर सोडले तर शेवटी हाताशी काही उरत नाही.

मला सर्वांत आवडणारा नियम गोलंदाजांचा. इंग्रज तोफांवरून पुढे गेले तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला; वेलस्लीला ७८वी पलटण व एक मद्रासी रिसाला घेऊन परत फिरावे लागले. त्यामुळे तोफेवरून पलटण गेली तरी गोलंदाजांचा तुकडा उचलू नये, आडवा ठेवावा. फेरीअखेर ५ किंवा ६ पडल्यास तो उभा राहून पाठीवर तोफ डागेल.

मराठ्यांचे घोडदळ मात्र ६ पडल्याशिवाय हलू देऊ नये. इंग्रजांची एखादी पलटण मोडली तर ५ वरही हलेल. दोष स्वारांचा नव्हता, वरून हुकूम देणारे जागेवर नव्हते, म्हणून त्यांची लढण्याची ताकद कमी करू नये.

पंधरा मिनिटांची एक याप्रमाणे बारा फेऱ्या पुरतात. इंग्रजांचे १,५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, म्हणून निकाल केवळ मैदान कोणाकडे राहिले यावर लावू नये. सर्व तोफा घेऊनही इंग्रजांच्या एक तृतीयांशाहून अधिक पलटणी गेल्या असतील तर बरोबरी मानावी, निम्म्या गेल्या तर शिंद्यांचा विजय. एक डाव झाल्यावर बाजू बदलून लगेच दुसरा खेळावा आणि दोन्हींतील गेलेल्या पलटणी मोजूनच अंतिम निकाल द्यावा.